खंडाळ्याचा खडक आणि कर्मेलचा डोंगर



न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंतव्याख्यानमाला सुरू केली, तेव्हा वारजे हे मुठेकाठचे एक शेतकऱ्यांचे खेडे होते. १९९७ साली ते महापालिकेच्या हद्दीत आले, आणि आज येथेही वसंताच्या संध्याकाळी चार माणसे इतिहास ऐकावयास जमतात, ही आनंदाची गोष्ट आहे. आजच्या व्याख्यानाचा विषय आहे बायबलातील प्राचीन स्थळांची यात्रा. विषय ऐकून आपल्यापैकी काहींच्या मनात आले असेल की, ह्या यात्रेस पारपत्र पाहिजे, विमान पाहिजे, आणि मुख्य म्हणजे पैसा पाहिजे. ते काही अंशी खरे आहे. परंतु ह्या यात्रेचा पहिला मुक्काम आपल्या रायगड जिल्ह्यात आहे, हे मला आज सांगावयाचे आहे. सकाळी निघाल्यास दुपारच्या जेवणाला तेथे पोहोचता येते.

वारज्याहून चांदणी चौक, पौड, मुळशी करीत ताम्हिणी घाट उतरला की आपण कोकणात येतो. पुढे कोलाड लागते, मग रोहे. रोह्याला लागूनच कुंडलिकेकाठी अष्टमी हे गाव आहे. तेथून साळावचा पूल ओलांडून रेवदंडा, चौल, अलिबाग, आणि अलिबागच्या उत्तरेस थळ, नवगाव, किहीम. आडबाजूला झिराड. ही गावे मी मुद्दाम ओळीने सांगितली. कारण ह्या रस्त्यावरून जाताना आपण एका समाजाची आडनावे वाचीत जात असतो. रोहेकर, अष्टमकर, चेऊलकर, नवगावकर, किहीमकर, झिराडकर, पेणकर. हे सारे बेने इस्रायल, म्हणजे मराठी बोलणारे आपले यहुदी. शेकडो वर्षे त्यांनी ह्या गावांतून तेलाचे घाणे चालविले. शनिवारी घाणा बंद ठेवीत म्हणून शेजारपाजारचे लोक त्यांना शनिवार तेली म्हणत. कोकणात सोमवारी घाणा बंद ठेवणारे तेलीही होते, ते सोमवार तेली. गावाच्या हिशेबी दोघांतला फरक एवढाच होता की, सुट्टीचा वार निराळा.

आता नवगावला थांबू. येथे समुद्राजवळ बेने इस्रायलांची जुनी दफनभूमी आहे. परंपरा अशी सांगते की, फार प्राचीन काळी त्यांच्या पूर्वजांचे गलबत ह्या किनाऱ्यावर फुटले. सात पुरुष आणि सात स्त्रिया तेवढ्या जगल्या. ज्यांची प्रेते लाटांनी किनाऱ्यावर आणून टाकली, त्यांना येथेच पुरण्यात आले, पुरुषांना एकीकडे व स्त्रियांना एकीकडे. वाचलेल्यांचे सारे सामान बुडाले होते, आणि त्यात त्यांचे धर्मग्रंथही गेले. ज्या समाजाचा सगळा धर्म एका ग्रंथावर उभा, त्याच्या हाती तो ग्रंथ राहिला नाही. ह्या एका गोष्टीत आजच्या विषयाचे सारे मर्म आहे.

हे गलबत केव्हा फुटले? ह्याविषयी विद्वानांत एकमत नाही. कोणी म्हणतात, इसवी सनापूर्वी ७२२ साली अश्शूरच्या राजाने उत्तरेकडील इस्रायलचे राज्य बुडविले व तेथील दहा वंशांना देशोधडीस लावले, त्यांचे हे वंशज. ह्या समाजाचे पहिले इतिहासकार हाईम सॅम्युएल किहीमकर यांनी १८९७ साली आपला इतिहास लिहून संपविला. तो ग्रंथ छापून निघाला १९३७ साली, तेल अवीवमध्ये. किहीमकरांच्या मते ही मंडळी इसवी सनापूर्वी १७५ च्या सुमारास, अंतियोखस राजाच्या छळाच्या वेळी निघाली. आणखी काही अभ्यासकांना असे वाटते की, हे लोक बरेच मागाहून येमेन किंवा इराणकडून व्यापाराच्या मिषाने आले असावेत. चौल हे तर प्राचीन बंदर. ग्रीक भूगोलकारांना ते ठाऊक होते आणि अरब प्रवाशांनी सैमूर म्हणून त्याचे वर्णन करून ठेवले आहे.

किहीमकरांच्या पक्षाचा एक पुरावा मोठा विचार करावयास लावणारा आहे. यहुद्यांत हानुक्का नावाचा दिव्यांचा सण आहे. इसवी सनापूर्वी १६४ च्या सुमारास मक्काबी वीरांनी यरुशलेमचे मंदिर परत मिळवून शुद्ध केले, त्याचे ते स्मरण. कोकणातल्या बेने इस्रायलांना हा सण ठाऊकच नव्हता. तेव्हा तो सुरू होण्यापूर्वीच त्यांच्या पूर्वजांनी देश सोडला असला पाहिजे, असा हा तर्क. तर्क सुंदर आहे, परंतु तो निर्णायक मात्र नाही. एखादा सण माहीत नसणे म्हणजे तो कधी माहीत नव्हताच असे नव्हे. ग्रंथ गेला, गुरू गेला, की सणही विस्मरणात जातो. २०१६ साली ह्या समाजाच्या जनुकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात पश्चिम आशियातील यहुद्यांशी त्यांचे रक्ताचे नाते स्पष्ट दिसून आले, आणि भारतीय रक्ताशी झालेला संयोग सुमारे साडेसहाशे ते एक हजार वर्षांपूर्वीचा असावा, असे अनुमान निघाले. म्हणजे लोककथेचा गाभा खरा ठरला, तरी तिच्यातील काळाचा निकाल लागला नाही.

काळाचा निकाल न लागला तरी एक गोष्ट निश्चितपणे सांगता येते, आणि ती काळापेक्षा महत्त्वाची आहे. इसवी सन १२०० च्या आगेमागे मैमोनिदेस ह्या थोर यहुदी पंडिताने आपल्या एका पत्रात भारतातील यहुद्यांविषयी असे लिहिले की, त्यांना शास्त्राचे ज्ञान नाही, ते फक्त शब्बाथ पाळतात आणि मुलांची सुंता करतात. पुढे १७३८ साली सार्टोरियस ह्या पाद्र्याने सुरत व राजापूरकडील बेने इस्रायलांविषयी लिहिले, तेही असेच. ह्यांच्याजवळ बायबल नाही, ह्यांना हिब्रू येत नाही, एक ‘शेमा’ तेवढा ह्यांच्या तोंडी आहे. शेमा म्हणजे देव एकच आहे असे सांगणारे यहुद्यांचे मूलवचन. दोन्ही लेखकांनी जे नाही त्याची नोंद केली. आपण जे राहिले त्याकडे पाहू.

शनिवारचा विसावा राहिला. आठव्या दिवशीची सुंता राहिली. खवले आणि पर असलेलेच मासे खावयाचे, हा नियम राहिला. सण राहिले, परंतु त्यांची हिब्रू नावे गळून गेली आणि मराठी नावे आली. नववर्षाचा तो नव्याचा सण. प्रायश्चित्ताच्या दिवशी घराची दारे लावून घेऊन उपास करावयाचा, म्हणून तो दारफाळणीचा सण. मिसर देशातून सुटका झाली त्या सणाला आंबविलेले अन्न वर्ज्य, तेव्हा आंबट पदार्थाचे भांडे झाकून ठेवावयाचे, म्हणून त्याचे नाव अनाशी ढाकाचा सण. पुरीम येतो आपल्या फाल्गुनी पौर्णिमेच्या आसपास, तो झाला होळीचा सण. आणि यरुशलेमचे मंदिर नष्ट झाल्याच्या शोकाचा जो दिवस, त्या दिवशी ते वालाचे बिरडे खात, म्हणून तो बिरड्याचा सण. कोकणातल्या कोणा बाईला विचारले असते की, बाई, हे बिरडे कशासाठी? तर मंदिर, बाबिलोन, रोम ह्यांतले काहीही कदाचित तिला सांगता आले नसते. पण बिरडे ती चुकत नसे. माणसांची नावेही अशीच मराठी वळणावर गेली. अब्राहाम अब्राजी झाला, इसहाक इसाजी झाला, शमुवेल सामाजी झाला, आणि एलीया एलोजी झाला.

ह्या एलोजीचे, म्हणजे एलीया प्रेषिताचे स्थान ह्या समाजाच्या मनात फार मोठे आहे. बेने इस्रायल त्याला एलियाहू हन्नाबी म्हणतात. लग्न, मुंज म्हणावी अशी सुंता, नवे घर, आजारातून उठणे, ह्या प्रसंगी ते मलिदा करतात. भिजविलेल्या पोह्यांत खोबरे, साखर, सुकामेवा, वेलदोडा घालावयाचा, ताटात फळे मांडावयाची, आणि एलियाहूच्या नावाने प्रार्थना म्हणून तो प्रसादासारखा वाटावयाचा. नवस बोलावा तर एलियाहूला, आणि नवस फेडावा तोही त्यालाच.

अलिबागेजवळ सागाव-खंडाळे ह्या परिसरात एका कातळावर काही खुणा आहेत. हे खंडाळे बोरघाटातले नव्हे, हे लक्षात असावे. ह्या जागेला एलियाहू हन्नाबीचा टापा म्हणतात. एलियाहू स्वर्गास जाताना त्याचा अग्निरथ येथे टेकला, घोड्याच्या टापेची आणि रथाच्या चाकांची खूण खडकावर उमटली, अशी श्रद्धा आहे. दुसरीही कथा आहे की, गलबत फुटल्यावर किनाऱ्यावर मूर्च्छित पडलेल्या त्या सात जोडप्यांना एलियाहूनेच येऊन उठविले. झाडांचे नववर्ष म्हणून यहुद्यांत जो दिवस पाळतात, तो माघाच्या सुमारास येतो. त्या दिवशी बेने इस्रायल मलिद्याचे ताट घेऊन ह्या खडकाच्या दर्शनास जात आले आहेत.

आता खंडाळ्याचा खडक सोडून आपण समुद्रापलीकडे जाऊ, आणि मूळ ग्रंथ ह्या एलीयाविषयी काय सांगतो ते त्या त्या जागी उभे राहून पाहू.

बायबलातील राजांच्या पुस्तकांत एलीयाची कथा येते. काळ इसवी सनापूर्वी नवव्या शतकाचा. इस्रायलच्या गादीवर अहाब राजा, आणि त्याची राणी ईजबेल, सीदोनच्या राजाची मुलगी. तिने बआल देवाची उपासना राज्यात आणली. तेव्हा गिलादातला एक रानवट मनुष्य, अंगावर केसाळ वस्त्र आणि कमरेला कातड्याचा पट्टा, राजासमोर उभा राहिला आणि म्हणाला की, देशात पाऊस पडणार नाही. दुष्काळ पडला. एलीया ओहोळाकाठी लपून राहिला, कावळ्यांनी त्याला अन्न आणून दिले. पुढे सारफथ गावी एका गरीब विधवेने आपल्या मडक्यातले शेवटचे पीठ त्याला भाकरीसाठी दिले, आणि ते पीठ सरले नाही. शेवटी कर्मेलच्या डोंगरावर एकीकडे बआलचे साडेचारशे पुजारी आणि दुसरीकडे हा एकटा, असा सामना झाला. आकाशातून अग्नी उतरला तो एलीयाच्या होमावर, आणि मग पाऊस आला. ज्या कोकणात वर्षाचे सारे गणित पावसावर चालते, तेथे ही कथा का रुजली, हे निराळे सांगावयास नको.

कर्मेलचा डोंगर आजच्या हैफा शहरापाशी समुद्रात नाक खुपसून उभा आहे. त्याच्या पायथ्याशी एलीयाची गुहा दाखवितात. यहुदी, ख्रिस्ती, मुसलमान, द्रूझ, सारेच तिला मानतात. भिंतींवर प्राचीन यात्रेकरूंनी ग्रीक भाषेत कोरून ठेवलेले लेख आहेत. आपल्या माणसाला तेथे गेल्यावर परकेपणा वाटत नाही. गुहा, दिवे, चिठ्ठ्या, नवस, आजारी मुलाला घेऊन आलेली आई, हे सारे त्याच्या ओळखीचे असते.

कर्मेलच्या आग्नेयेस, आजच्या नाब्लुस शहराजवळ, शोमरोनचे अवशेष आहेत. ही अहाबाची राजधानी. ग्रंथात त्याच्या हस्तिदंती महालाचा उल्लेख येतो. १९३०च्या दशकातील उत्खननात तेथे खरोखरीच हस्तिदंताच्या कोरीव पट्ट्यांचे तुकडे मोठ्या संख्येने सापडले. अहाबाचा आणखी एक साक्षीदार आहे, आणि तो शत्रुपक्षाचा आहे. अश्शूरच्या तिसऱ्या शल्मनेसर राजाने इसवी सनापूर्वी ८५३ च्या कर्कर येथील लढाईचा वृत्तांत एका शिलास्तंभावर कोरविला. हा स्तंभ १८६१ साली आजच्या तुर्कस्तानात कुर्ख येथे सापडला, आणि तो आता लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. त्यात विरोधी राजांच्या यादीत अहाबाचे नाव असून त्याच्यापुढे दोन हजार रथ आणि दहा हजार पायदळ असा आकडा दिला आहे. आकडा फुगविलेला असेल, परंतु अहाब होऊन गेला ह्याविषयी शंका उरत नाही. १८६८ साली सापडलेल्या मवाबाच्या मेशा राजाच्या शिलालेखात अहाबाचा बाप अम्री याचेही नाव आले आहे.

आता गंमत पाहा. राजाचा पुरावा दगडात सापडला, राजधानीत सापडला, शत्रूच्या लेखात सापडला. एलीयाचे नाव मात्र एकाही समकालीन शिलालेखात सापडलेले नाही. ग्रंथाबाहेर त्याला समकालीन साक्षीदार नाही. आणि तरीही आज हैफ्यात आजारी मुलाला घेऊन आलेली आई अहाबाला नवस बोलत नाही. दोन हजार रथांच्या धन्याचे नाव इतिहासाच्या अभ्यासकांपाशी राहिले, आणि ज्याच्यापाशी एक घोंगडी होती त्याचे नाव कोकणातल्या तेल्याच्या घरात राहिले. राजे दगडावर लिहून ठेवतात. संत आणि प्रेषित माणसांच्या तोंडी राहतात. म्हणून त्यांची स्थळे शोधताना पुराणवस्तूंचे शास्त्र एका मर्यादेपर्यंतच साथ देते, पुढे माणसांनाच विचारावे लागते.

यात्रेचा पुढला टप्पा यार्देन नदीचा. ग्रंथ म्हणतो की, एलीया आणि त्याचा शिष्य अलीशा यरीहोकडून यार्देनेवर आले. एलीयाने आपले पांघरूण गुंडाळून पाण्यावर मारले, पाणी दुभंगले, दोघे पलीकडे गेले. बोलत चालले असताना अग्नीचा रथ आणि अग्नीचे घोडे मध्ये आले आणि वावटळीतून एलीया वर गेला. शिष्याच्या हाती ते पांघरूण तेवढे राहिले. आजच्या जॉर्डन देशात नदीच्या पूर्वेस एक टेकडी एलीयाची टेकडी म्हणून दाखवितात. तेथे १९९६ पासून उत्खनन होऊन जुनी देवालये व पाण्याची कुंडे उघडकीस आली, आणि २०१५ साली ह्या परिसराचा समावेश युनेस्कोच्या जागतिक वारशात झाला. यार्देन म्हणजे गंगेसारखी विशाल नदी असेल अशा कल्पनेने गेलेला यात्रेकरू तेथे चकित होतो. वरच्या अंगाला पाणी उचलले गेल्यामुळे तिचे पात्र आता काही ठिकाणी दहा मीटरांहूनही अरुंद राहिले आहे.

येथे साहजिकच प्रश्न उभा राहतो. ग्रंथाच्या म्हणण्याप्रमाणे एलीया स्वर्गास गेला तो यार्देनेपलीकडून. मग त्याच्या रथाची खूण अलिबाग तालुक्यात कशी? हा प्रश्न विचारून कोणी हसेल, तर त्याने आधी आपल्या आजूबाजूला पाहावे. आपल्या जंगली महाराज रस्त्यावरच्या पाताळेश्वराला लोक पांडवांची लेणी म्हणत आले. महाराष्ट्रात जेथे जेथे जुनी लेणी, तेथे तेथे पांडव एका रात्रीत येऊन गेलेले आहेत. नाशिकला पंचवटी आहे, सीतागुंफा आहे. पवित्र ग्रंथातील भूमी लांब असली की माणूस ती आपल्या गावात आणून ठेवतो. आणि सदेह स्वर्गास जाण्याची कथा तर आपणांस अपरिचित नाही. देहू येथून जवळ आहे. तुकोबा १६५० साली फाल्गुन वद्य द्वितीयेस सदेह वैकुंठास गेले, असे मानून दरवर्षी तुकारामबीजेला लाखो वारकरी तेथे जमतात. इतिहासकाराला त्यावर काय म्हणावयाचे ते तो म्हणो, त्या दिवशी देहूस जाणाऱ्याला तुकोबा नाहीसे झाले असे वाटत नाही, एवढे खरे. खंडाळ्याच्या खडकाकडेही ह्याच दृष्टीने पाहिले पाहिजे. ज्यांचा ग्रंथ समुद्रात गेला, त्यांनी त्यातील एक पान कोकणातल्या काळ्या कातळावर वाचले.

पुढे ग्रंथ परत मिळाला. दाऊद रहाबी नावाच्या कोणा पुरुषाने ह्यांना यहुदी म्हणून ओळखले आणि तीन घराण्यांतील माणसांस शिकवून काजी नेमले, अशी परंपरा आहे. ती घराणी झिराडकर, राजपूरकर आणि शापूरकर. मग इंग्रजी पलटणींत नोकरी धरून मंडळी मुंबईस गेली. त्यांत सामाजी हसाजी दिवेकर हे एक. म्हैसूरच्या लढाईत ते टिपूच्या कैदेत सापडले. आख्यायिका अशी की, कैद्यांना ठार मारावयाचे ठरले असता जात विचारल्यावर त्यांनी बेने इस्रायल असे सांगितले. टिपूच्या आईने ते नाव कुराणात ऐकले होते, पण त्या नावाचा जिवंत माणूस तिने कधी पाहिला नव्हता, म्हणून तिने रदबदली केली. ते सुटले, आणि १७९६ साली त्यांनी मुंबईत मांडवीजवळ बेने इस्रायलांचे पहिले प्रार्थनामंदिर बांधले. एका प्राचीन नावाने एका मराठी माणसाचा जीव वाचविला, हे ध्यानात ठेवा. ह्या नावाची गाठ आपणांस पुन्हा पडणार आहे.

एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांच्या शाळा निघाल्या. जॉन विल्सन यांनी १८३२ साली मराठीतून हिब्रूचे व्याकरण छापले. मिशनऱ्यांचा हेतू निराळा होता, तो बहुतांशी सफल झाला नाही, परंतु बेने इस्रायलांना त्यांचा ग्रंथ मराठीत वाचावयास मिळाला. जोसेफ इझिकिएल राजपूरकरांसारख्या विद्वानाने हिब्रू प्रार्थना मराठीत आणल्या. शतकाच्या अखेरीस अब्राहाम, योसेफ ह्यांची आख्याने लावून कीर्तने होऊ लागली, साकी, दिंडी, ओवी ह्या छंदांत. आपल्या पुण्याचाही ह्यात वाटा आहे. मिसरातून झालेल्या सुटकेची कथा सणाच्या रात्री वाचावयाची, त्या हग्गादा नावाच्या पोथीची एक सचित्र मराठी आवृत्ती १८७४ साली पुण्यात निघाली. तिच्यातल्या एका चित्रात नऊवारी नेसलेल्या बायका सणाच्या बिनखमिरी भाकऱ्या करताना दाखविल्या आहेत. पुण्यातील लाल देऊळ आपण सर्वांनी पाहिलेले आहे. ते १८६७ साली पुरे झाले, परंतु ते बगदादी यहुद्यांचे, सासूनांनी बांधविलेले. बेने इस्रायलांचे प्रार्थनामंदिर रास्ता पेठेत आहे.

ग्रंथ हाती आल्यावर त्यांनी त्यात वाचले असणारच की, रथ वर गेला तो यार्देनेपलीकडून. पण खंडाळ्याची यात्रा थांबली नाही. ग्रंथाची जागा ग्रंथात राहिली, खडकाची जागा खडकाला राहिली. ह्याला कोणी विसंगती म्हणेल. मला हा शहाणपणा वाटतो.

सणाच्या त्या रात्री पोथी संपविताना, पुढल्या वर्षी आपण यरुशलेमात असू, अशी इच्छा बोलून दाखविण्याची चाल आहे. १९४८ साली इस्रायलचे राष्ट्र स्थापन झाले आणि ती इच्छा पुरी करण्याची वाट मोकळी झाली. त्या वेळी भारतात बेने इस्रायलांची संख्या सुमारे वीस हजार होती. ह्या देशात त्यांना कोणी छळले नव्हते, कोणी हाकलले नव्हते. ते गेले ते ग्रंथातल्या भूमीच्या ओढीने. आणि तेथे त्यांच्यापुढे जो प्रसंग उभा राहिला तो ह्या सगळ्या इतिहासातील सर्वांत कठीण होता. तुम्ही खरे यहुदी कशावरून, असा प्रश्न तेथे निघाला. शतकानुशतके ह्यांना शास्त्र ठाऊक नव्हते, तेव्हा ह्यांचे विवाह व घटस्फोट शास्त्राप्रमाणे झाले असतील कशावरून, अशी धर्मपीठाची शंका. १९६२ साली विवाह लावणाऱ्यांना सूचना गेल्या की, बेने इस्रायल वधू किंवा वर असेल तर त्याच्या घराण्याची मागल्या पिढ्यांपर्यंत चौकशी करावी.

विचार करा. ज्या नावाने सामाजींचा जीव टिपूच्या छावणीत वाचला, तेच नाव यरुशलेमात संशयास्पद ठरले. चौकशीत देण्यासारखे ह्या लोकांपाशी काय होते? वंशावळीचे कागद नव्हते. होता तो शनिवारी बंद राहिलेला घाणा, होते ते वालाचे बिरडे, होते ते नवगावचे दोन ढिगारे. अहाबासारखा शिलालेख त्यांच्यापाशी नव्हता. एलीयासारखी तोंडातोंडी राहिलेली आठवण तेवढी होती, आणि धर्मपीठाला ती पुरेशी वाटेना.

ते गप्प बसले नाहीत. १९६४ च्या उन्हाळ्यात त्यांनी यरुशलेमात ठिय्या दिला. भारतात शिकलेला सत्याग्रह त्यांनी तेथे नेला, असे म्हणावयास हरकत नाही. ऑगस्ट १९६४ मध्ये इस्रायलच्या लोकसभेने, क्नेसेटने, बेने इस्रायल हे सर्व दृष्टींनी यहुदीच आहेत आणि त्यांचे हक्क इतरांच्या बरोबरीचे आहेत, असा निर्वाळा दिला. त्यानंतर धर्मपीठालाही आपल्या सूचनेतील त्यांचे नाव काढून टाकावे लागले.

धर्मपीठाच्या बाजूने बोलावयाचे तर असे म्हणता येईल की, शास्त्राचे रक्षण करणे हे त्याचे कामच आहे, आणि पुरावा मागणे हा काही अपराध नव्हे. इतिहासकारही पुरावाच मागतो. परंतु पुरावा कशाला म्हणावे, हा खरा प्रश्न आहे. पोथी जपणाऱ्याला पोथीचा आधार असतो. पोथीवाचून ज्याने धर्म जपला, त्याने तो रोजच्या जेवणात, वारात, नावात जपला. त्याची परीक्षा पोथीने घेणे म्हणजे दुष्काळात ज्या बाईने शेवटचे पीठ दिले तिला दाणे कोठून आणलेस म्हणून पावती मागण्यासारखे आहे.

आज बेने इस्रायल इस्रायलमध्ये हजारोंच्या संख्येने आहेत, दिमोना, लोद, रामला, बेरशेबा ह्या गावांतून त्यांची वस्ती आहे. मायबोली नावाचे मराठी नियतकालिकही त्यांनी तेथे चालविले. मलिद्याचे ताट घेऊन ते आता कर्मेलच्या पायथ्याच्या गुहेत जातात. पण मौज अशी की, त्यांच्यातले अनेक जण मुलाबाळांना घेऊन इकडेही येतात, नवगावला आणि खंडाळ्याला. ज्यांच्या पूर्वजांनी दोन हजार वर्षे यरुशलेमकडे तोंड करून प्रार्थना केली, त्यांची नातवंडे यरुशलेमहून अलिबागेस यात्रेला येतात.

महाराष्ट्रात मात्र हा समाज आता काही हजारांवर आला आहे. २०१६ साली राज्य शासनाने यहुद्यांना अल्पसंख्य समाजाचा दर्जा दिला. परंतु दर्जा दिल्याने ओस पडलेल्या दफनभूमीवरचे गवत निघत नाही. घाणे तर केव्हाच थांबले. ज्या गावात आता एकही बेने इस्रायल घर उरले नाही, तेथील त्यांची स्मृती त्या गावच्या इतर लोकांनीच सांभाळावयाची आहे. शेकडो वर्षे ह्या लोकांनी आपली आठवण जपली, ती काही एकट्याच्या बळावर नव्हे. शनिवारी घाणा बंद म्हटल्यावर शुक्रवारी तेल नेणारे शेजारीही त्यात होते.

तेव्हा वारज्याच्या श्रोत्यांना माझी एवढीच विनंती आहे की, सुट्टीत अलिबागला जाल, तेव्हा समुद्र पाहून परतताना नवगावला एक अर्धा तास थांबा. ती सहलीची जागा नव्हे, तेव्हा चपला आणि आवाज जरा सांभाळा. मग रायगडातल्या यहुद्यांच्या ज्या दफनभूमीत पाऊल पडेल, तेथील थडग्यांवरची नावे वाचा. हिब्रू अक्षरे आपल्याला येणार नाहीत. त्यांच्याखालची मराठी येईल.